गळतीवाल्या बाई

आमच्या बाई कशालाही हात लावताना उलटा हात लावायच्या. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. प्रयोगशाळेतलं यंत्र असो, वर्गाच्या दाराची लोखंडी कडी असो, चहाची किटली असो की तापाने फणफणलेल्या एखाद्या पोराचं कपाळ असो. आधी बोटांची मागची बाजू अलगद टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच सरळ हाताने धरायचं. नव्या मुलांना ती नुसती लकब वाटायची. मग कधीतरी कोणी धीर करून विचारायचं आणि बाई सांगायच्या, "विजेचा झटका बसला की हात आपोआप मिटतो. तळवा लावलास तर तू तिला धरूनच बसशील. उलटा लावलास तर मिटता मिटता सुटून येशील." एवढं सांगून झालं की त्या जराशा ओशाळून हसायच्या. "माणसांनाही मी असाच हात लावते. वाईट सवय."

कर्जतच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज. बाई तिथे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मॅडम म्हणून हाक आली की मला वाटतं, माझ्यामागे दुसरं कोणीतरी उभं आहे." त्यांची आई कर्जतच्याच शाळेत बाई होती, तेव्हा तो शब्द त्यांच्या घरचाच. मुलांनी मात्र त्यापुढे आणखी एक शब्द जोडला होता: गळतीवाल्या बाई. कारण विषय कोणताही काढा, बाई फिरून फिरून गळतीवर यायच्या.

ही गळती छपराची नव्हे, विजेची. सोलर पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहते आणि आपल्या घरातली वीज सतत दिशा बदलत असते. एकीची दुसरी करणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर. पूर्वी त्या डब्यात तांब्याच्या तारेचा एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर असायचा. तो काढून टाकला की डबा हलका होतो, स्वस्त होतो, वीजही कमी वाया जाते. पण पॅनेल आणि बाहेरची लाइन यांच्यामधली भिंतही त्याच्याबरोबर जाते. मग थोडी थोडी वीज पॅनेलच्या चौकटीतून जमिनीकडे झिरपायला लागते. ती झिरप थांबवायची कशी, या एका प्रश्नामागे बाईंनी आपल्या आयुष्याची पिकती वर्षं लावली होती. ज्या वयात बाकीचे प्राध्यापक निवृत्तीनंतर कुठे राहायचं याची चर्चा करतात, त्या वयात बाई पीएच.डी. करत होत्या.

पावसाळ्यात प्रयोगशाळेचं छप्परही खरोखरच गळायचं. ठिकठिकाणी बादल्या ठेवलेल्या आणि त्यांच्या मधोमध उभ्या राहून बाई गळतीवर बोलताहेत, हे दृश्य आम्हाला नेहमीचं होतं. एकदा ऑफिसातल्या नव्या क्लार्कने छप्पर दुरुस्त करणाऱ्या माणसाला थेट त्यांच्याकडेच धाडलं. "गळतीचं सगळं त्या बघतात," असं सांगून. बाईंनी त्या माणसाला खुर्ची दिली, चहा दिला आणि पाणी नेमकं कुठून येतं हे तो कसं शोधतो ते त्याच्याकडून समजून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस वर्गात त्याचा दाखला चालू होता. "पाणी टपकतं तिथे भोक नसतं रे. भोक वर कुठेतरी असतं."

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. म्हणून त्या आम्हाला गावाच्या नावानेच हाक मारायच्या. खोपोलीला शिळफाट्यावर ज्याच्या वडिलांचं टायरचं दुकान होतं तो मुलगा 'शिळफाटा'. मी 'पोशीर'. नेरळजवळचं भातशेतीचं गाव माझं, आणि आमच्या घरातून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी गावाचं नाव सांगताना माझा आवाज आपसूक खाली गेला. बाई म्हणाल्या, "पोशीर! किती छान नाव. जरा मोठ्याने सांग, मागच्यांना ऐकू दे." त्या दिवसापासून चार वर्षं मला कॉलेजात दुसरं नाव नव्हतं आणि नकोही होतं.

इन्व्हर्टरमध्ये चार स्विच असतात. ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. ही उघडझाप कोणत्या तालात करायची, त्या शास्त्राला मॉड्युलेशन म्हणतात. फळ्यावरच्या आकृतीने ते पोरांच्या डोक्यात शिरत नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या चौघांना वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभं करायच्या आणि स्वतः मध्ये उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. टाळीसरशी समोरासमोरचे दोघे उठायचे, उरलेले दोघे बसायचे. "यात गळती जवळजवळ नाही. पण बघा कसे घामाघूम झालात. म्हणजे डबा तापला." मग दुसरा ताल, ज्यात मधूनमधून सगळ्यांनाच उसंत मिळायची. "आता कोणी दमलं नाही. पण दर टाळीला पॅनेलला हिसका बसतोय. म्हणजे गळती आली." त्यांना दमणंही नको होतं आणि हिसकाही नको होता. म्हणून त्या पाचव्याला वर्गाच्या दारात उभं करायच्या. बाकीचे उसंत घेतील तेवढा वेळ त्याने दार लावून घ्यायचं, म्हणजे पॅनेल पलीकडे शांत राहील. या सगळ्यात शिळफाटा हमखास उशिरा बसायचा. "शिळफाटा, तुझ्या या एवढ्याशा आळसात गळती आहे बरं का!" बाई ओरडायच्या आणि अख्खा वर्ग हसायचा.

त्यांच्या संशोधनाला खरं छप्पर हवं होतं. कॉलेजच्या छपरावर डोंगराची सावली लवकर यायची. आमच्या पोशीरच्या घराचा पत्रा दक्षिणेकडे उतरता. मी भीत भीत आईला विचारलं. आई म्हणाली, "लावा की. ऊन काय आपल्या एकट्याचं हाय?" बाईंना हे उत्तर इतकं आवडलं की पॅनेल बसवायला आल्या तेव्हा पायरीवरूनच त्यांनी आईला ते पुन्हा म्हणायला लावलं.

तेव्हापासून रविवारी बाई आमच्याकडे येऊ लागल्या. दहिवलीच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या. यजमान मुलगा शाळेत असतानाच गेले होते आणि मुलगा आता बंगळुरूला नोकरीला होता. खांद्याला मीटरची पेटी, हातात छत्री, नेरळहून शेअर रिक्षाने यायच्या. आधी पत्र्याखालच्या इन्व्हर्टरपाशी उभं राहून आपलं काम करायच्या आणि मग स्वयंपाकघरात आईच्या शेजारी पाटावर बसायच्या. आईने त्यांना तांदळाची भाकरी शिकवायला घेतली. ती त्यांना कधीच जमली नाही. त्यांच्या हातून फाटलेल्या भाकऱ्या आई स्वतःच्या ताटात घ्यायची आणि म्हणायची, "चवीला तीच हाय हो." दोघी काय बोलायच्या हे मला कधी कळलं नाही. मी आत गेले की गप्प व्हायच्या आणि मी बाहेर आले की परत हसू ऐकू यायचं.

मग एका श्रावणात ते झालं. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. सकाळी प्रयोगशाळेत असताना आईचा फोन आला. ती हसतच बोलत होती. "अगं, तुझ्या बाईंच्या पॅनेलला आज हात लागला तर मुंग्या आल्या माझ्या हाताला." कपडे वाळत घालायची तार तिने पॅनेलच्या स्टँडला बांधली होती. हात ओले, पाय अनवाणी, खाली चिखल. मी तेच शब्द गंमत म्हणून बाईंना सांगितले. बाईंचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"भिंतीवरचा खटका बंद करायला सांग. आत्ता. आणि बंद केला म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस."

आम्ही तशाच रिक्षाने पोशीरला गेलो. घरी आईने चहा टाकला होता. बाई चहाला न थांबता भर पावसात घराच्या मागे गेल्या. पागोळ्यांच्या पाण्याने माती वाहून गेली होती आणि पॅनेलची गळती जमिनीत नेणारी अर्थिंगची पट्टी तिच्या जोडापासून सुटली होती. जायला वाट उरली नाही म्हणून ती वीज आईच्या हातातून जाऊ पाहत होती. बाईंनी पट्टी पुन्हा आवळून बसवली. दुसरं कोणी असतं तर तिथेच सुस्कारा टाकून चहाला आलं असतं. बाईंनी इन्व्हर्टर पुन्हा चालू केला आणि गळती मोजली. प्रयोगशाळेत मोजलेल्या गळतीपेक्षा ती कितीतरी जास्त निघाली. प्रयोगशाळेतलं पॅनेल कोरडं होतं. इथे काचेवर पाणी, चौकटीवर पाणी, खाली ओला पत्रा. पाण्याने झिरपायला शंभर वाटा करून दिल्या होत्या, आणि त्यांच्या प्रबंधाच्या लिहून झालेल्या प्रकरणांत पाऊस कुठेच नव्हता.

त्या पायरीवर बसल्या. आईने कप हातात दिला, तो त्यांनी तोंडाला लावलाच नाही.

"वहिनी, चूक माझी आहे."

"चूक कसली?" आई म्हणाली. "लोखंडाला हात लागला, मुंग्या आल्या. मी हाय ना समोर?"

"आहात म्हणून बोलू शकतेय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

त्यांचे मार्गदर्शक मुंबईला होते. पावसाचा भाग शेवटी 'मर्यादा' म्हणून एका परिच्छेदात टाका आणि प्रबंध सादर करून मोकळ्या व्हा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सांगणं काही गैर नव्हतं, सगळे तसंच करतात. मी शेजारीच उभी होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पोशीरची आई त्या परिच्छेदात मावत नाही." प्रबंध त्यांनी बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला बसल्या.

तो बाजूला ठेवणं त्यांना सोपं गेलं असं कोणी समजू नये. आमच्याच विभागातल्या एका तरुण सरांना त्याच सुमारास डॉक्टरेट मिळाली. पेढे वाटले गेले. बाईंनी दोन खाल्ले, त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. दुपारी मी व्हरांड्यातून जात होते. सरांच्या दारावर नवी पाटी लागली होती, नावाआधी 'डॉ.' लिहिलेली. बाई त्या पाटीसमोर उभ्या होत्या. नुसत्या वाचत होत्या. मी आवाज न करता मागच्या मागे वळले. पुढे मुदतवाढही संपली, मार्गदर्शक निवृत्त झाले आणि बाईंचं नाव विद्यापीठाच्या यादीतून गेलं. ते मला सांगताना म्हणाल्या, "चला, बरं झालं. आता फक्त काम उरलं." आणि लगेच खिडकीकडे वळून बादली भरली का ते बघू लागल्या.

उत्तर त्यांना वर्गातच सापडलं. मी तेव्हा पदवी संपवून तिथेच एम.ई.ला प्रवेश घेतला होता आणि त्यांच्या हाताखाली याच विषयावर काम करत होते. नव्या पोरांना कोपऱ्यांत उभं करून टाळ्या चालल्या होत्या. त्यांच्यातही एक शिळफाटा होताच, उशिरा बसणारा. बाई त्याच्यावर ओरडल्या आणि मधेच थांबल्या. मला म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं याला लवकर बसायला सांगतोय. खरे स्विचही असेच, प्रत्येकाचा उशीर वेगळा. तो काही जाणार नाही. मग दारातल्याने यांची वाट का बघायची? त्याने आधीच दार लावावं." पाचवा स्विच इतरांच्या कणभर आधी बंद करायचा, एवढीच गोष्ट. एवढ्याशा गोष्टीसाठी ताल सगळा नव्याने बांधावा लागला. त्यात आमचं एक वर्ष गेलं.

तो नवा ताल पहिल्यांदा चालवला तेव्हा पोशीरला ऊन पडलं होतं. बाईंना पाऊस हवा होता. मग आईच पदर खोचून शिडीवर चढली आणि बादलीतलं पाणी तांब्याने पॅनेलवर ओतू लागली. बाई खाली मीटरपाशी.

"टाका वहिनी."

आईने टाकलं.

"अजून टाका."

"टाकते. काय झालं का?"

"काही नाही होत! टाका, अजून टाका!"

"बाई, आता इहीर रिकामी करू काय?" आई वरून ओरडली. खाली बघते तर बाई हसत होत्या, आणि चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मीटरवरचा आकडा जागचा हलला नव्हता. त्या दिवशी त्यांनी भाकरी पुन्हा थापून बघितली. पुन्हा फाटली.

माझं एम.ई. त्याच कामावर झालं. परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाई छताकडे बघत बसल्या होत्या, जणू तिथे काही गळत होतं. मला पुण्याला एका इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. मी गेले आणि त्यानंतर वर्षभरात बाईंचे डोळे बिघडले. समोरचं मधलंच दिसेनासं झालं; कडेकडेचं दिसायचं. वर्गात उभं पोर दिसायचं, त्याचा चेहरा दिसायचा नाही. मुलगा बरीच वर्षं बोलावत होता. 'हे काम संपलं की येते,' हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. आता काम संपलं होतं आणि एकटीने राहण्यासारखंही राहिलं नव्हतं.

निघायच्या आधी त्या पोशीरला निरोप घ्यायला आल्या. मी पुण्याहून मुद्दाम आले होते. जेवणं झाली. बाई उठल्या तशी आई आतून सूप घेऊन आली. सुपात घरचे तांदूळ, नारळ, खण. बाईंना मधलं दिसत नव्हतं, तरी ते काय आहे ते कळलं. त्या पटकन मागे सरकल्या.

"वहिनी, नको. मला ओटी चालत नाही. यजमान जाऊन किती वर्षं झाली."

"कोणाला चालत नाय?" आई म्हणाली. शेजारच्या दोघीतिघी पडवीत उभ्या होत्या. आईचा आवाज त्यांनाही ऐकू जाईल असा होता. "माझ्या घरातनं लेक एवढी लांब निघाली, ती काय रिकाम्या पदरानं जाईल? धरा पदर."

बाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला. तांदूळ सांडायला नकोत म्हणून मी खालून धरला. आई ओंजळीने ओटी भरत होती आणि भरताना काहीतरी पुटपुटत होती, ते काय हे मला आजतागायत कळलेलं नाही. रिक्षात बसल्यावर बाई मला म्हणाल्या, "पोशीर, तुझी आई फार हट्टी आहे गं." एवढंच म्हणाल्या. नेरळ येईपर्यंत ओटी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

बंगळुरूहून रविवारी त्यांचा फोन यायचा, मला नाही, आईला. मला मधूनमधून यायचा, कामापुरता. "आता कोणता ताल चाललाय तुमच्याकडे?" मी सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि नेमकं मला जे कळलेलं नसायचं त्यावरच विचारायच्या. आजही कंपनीत नवा डबा पहिल्यांदा चालू करतो तेव्हा सगळे कार्यक्षमतेचा आकडा बघायला गर्दी करतात. मी वाट बघत राहते, आता कोणीतरी विचारील, पावसात बघितलंत का? कोणी विचारत नाही. मग मीच विचारते. माझ्या आवाजात तो प्रश्न पोकळ वाटतो. प्रश्न मला येतो, पण तो ज्या माणसाला घाबरून आणि ज्याच्या जिवावर मी विचारायचे, ते माणूस खोलीत नसतं. पुण्याहून गावी जाताना कर्जतला उतरले की अजूनही पाय दहिवलीकडे वळायला बघतात. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांच्या गॅलरीत लहान मुलाची सायकल असते.

बाई गेल्या त्या दिवशी मी पोशीरलाच होते. सुट्टी होती. सकाळी आईचा फोन वाजला. रविवार नव्हता, तरी आईला वाटलं बाईंचाच, म्हणून तिने घाईने हात पुसून घेतला. पलीकडून त्यांचा मुलगा बोलत होता. आम्ही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू येत होतं. म्हणाला, "काकू, आई पहाटे गेली. झोपेतच. तिने सांगून ठेवलं होतं, आधी तुम्हाला कळवायचं." बोलताना त्याचा आवाज अगदी सरळ होता, ऑफिसातला निरोप द्यावा तसा. दवाखाना, कागद, येणारी माणसं, सगळं त्याने ओळीने सांगितलं.

आई सगळं ऐकून घेत होती. त्याचं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "पोटात काय हाय का रं तुझ्या सकाळपासून?"

पलीकडे तो रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. आई भिंतीला टेकून खाली बसली, फोन कानापासून हलवला नाही, आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, डाळीखालचा गॅस बंद कर म्हणून.